दुरून डोंगर साजरे, जवळून कोणाचे?



जिल्हा बैठकीच्या अंकात कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी आणि पीकविमा हे विषय असणारच. त्यांच्या जोडीला आम्ही तळीयेचा विषय घेतला, तेव्हा काही कार्यकर्त्यांनी विचारले, "आपण कोरडवाहू माणसं. आपलं रडणं पाऊस पडत नाही म्हणून. कोकणात डोंगर कोसळला, त्याचं आपल्या बैठकीत काय काम?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हळहळ व्यक्त करून देता येणार नाही. ते हिशेबाने द्यावे लागेल.

आधी घटना पुन्हा एकदा सांगतो, कारण अशा गोष्टी वर्तमानपत्रात आठवडाभर राहतात आणि मग विसरल्या जातात. २२ जुलै २०२१, गुरुवार. महाड तालुक्यातील तळीये गावची कोंढाळकरवाडी. दिवस कलला असताना डोंगराचा एक तुकडा सुटला आणि वाडीवर आला. तीसहून अधिक घरे गाडली गेली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यातल्या कित्येकांचे मृतदेह हाती लागलेच नाहीत. शोध थांबवून त्यांना मृत घोषित करावे लागले. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडी घरांवर आल्या. खाली महाड शहर पुरात होते, रस्ते खचले होते. बचावपथके तळीयेला पोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर हाताने माती उपसत होते ते शेजारपाजारच्या वाड्यांतले लोक.

मंत्री आले, हेलिकॉप्टरे आली, कॅमेरे आले. सगळ्यांनी एकच शब्द वापरला : नैसर्गिक आपत्ती. आमचा आक्षेप या शब्दाला आहे. शेतकऱ्याच्या घरी मरण आले की ते नेहमी निसर्गाच्याच नावावर कसे मांडले जाते? कापूस वाळला तर निसर्ग, कर्ज फिटले नाही तर निसर्ग, डोंगर पडला तर निसर्ग. जी गोष्ट एकदा निसर्गाच्या खात्यावर टाकली, तिचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही. सरकारी जमाखर्चातली ही सगळ्यात सोयीची नोंद आहे.

एकच डोंगर, दोन उतार

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे म्हणतात. ऋषींचे राहू द्या. नदीचे मूळ मात्र शोधलेच पाहिजे, कारण भांडण तिथूनच सुरू होते.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचा उगम मानतात : कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री. कृष्णा पूर्वेला वळते आणि सुमारे चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला उडी घेते, पोलादपूर आणि महाड करीत शंभरेक किलोमीटरमध्ये बाणकोटच्या खाडीत संपते. माथा एकच, देऊळ एकच. एका अंगाला तळीये, दुसऱ्या अंगाला माण-खटावचे माळरान.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून सुमारे शंभर किलोमीटरवर माण तालुक्यात पाचशे मिलिमीटर पडला तर लोक वर्ष चांगले गेले म्हणतात. ढग समुद्रावरून भरून येतात, सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि पश्चिम उतारावरच रिते होतात. पलीकडे उतरतात तेव्हा त्यांच्या पोटात फारसे काही उरलेले नसते. भूगोलाच्या पुस्तकात याला पर्जन्यछाया म्हणतात. म्हणजे सह्याद्रीच्या सावलीत आपली ज्वारी करपते आणि त्याच सह्याद्रीच्या अंगावरून तळीये वाहून जाते. आपल्याला कमी देणारा आणि त्यांना जास्त देणारा हात एकच आहे.

मातीचेही तसेच. आपली कापसाची काळी जमीन आली कुठून? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून जो काळा कातळ झाला, तो झिजून. तळीयेच्या डोंगराचाही कातळ तोच. पठारावर, कमी पावसात, सपाटीवर ती झीज साचून राहिली आणि काळी माती झाली. कोकणात अतिवृष्टीने तोच दगड कुजून तांबडा झाला आणि उभ्या उतारावर नुसता टेकून राहिला. आपण आणि तळीयेकर एकाच दगडाची लेकरे आहोत, हे आम्ही भाषणाला शोभा यावी म्हणून सांगत नाही. मातीशास्त्र तेच सांगते.

डोंगर कसा सुटतो

शेतीचे शिक्षण घेताना आम्हाला मातीचे पाणी धरून ठेवणे शिकवले. माती पाणी सोडते आणि स्वतःही निघून जाते, हे मात्र उतारावरच्या शेतकऱ्यांनी शिकवले. ते तुमच्या भाषेत सांगतो.

भरलेल्या तळ्याचा मातीचा बांध कसा फुटतो, ते तुम्ही पाहिले आहे. पाणी वरून ओसंडले नाही तरी बांध जातो, कारण आत मुरलेले पाणी मातीच्या कणाकणांतली पकड सोडवते. कोकणच्या उतारावर हेच मोठ्या मापाने घडते. खाली टणक कातळ, त्याच्यावर काही हात जाडीचा कुजका मुरूम आणि माती. पाऊस या थरातून खाली झिरपतो, कातळापाशी अडतो आणि तिथे दाब धरतो. वरचा थर भिजून जड होतो, खालची पकड मात्र सुटत जाते. एक क्षण येतो की ओझे पकडीपेक्षा भारी होते. मग डोंगराला निमित्त लागत नाही.

त्या दिवसांत पाऊस किती होता? २३ जुलै २०२१ च्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्या सोलापूरकडे सबंध वर्षात जेवढा पडतो, तेवढा एका दिवसरात्रीत. एकराचा हिशेब करा : एका एकरावर चोवीस लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे दोनशे चाळीस टँकर एका एकरावर, एका दिवसात रिकामे केले असे समजा. टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला हा आकडा वेगळा समजावून सांगायला नको.

आता तारखा पाहा. आंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा बुडाले ते जुलै १९८९ मध्ये. महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी पडून दीडशेहून अधिक माणसे गेली ती २५-२६ जुलै २००५ ला. आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले ते ३० जुलै २०१४ ला, माणसे दीडशेवर गेली. तळीये २२ जुलै २०२१. खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री, तिथे २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसे मिळाली नाहीत. याच डोंगररांगेत केरळातील वायनाड कोसळले ते ३० जुलै २०२४ ला. माळीणला बरोबर दहा वर्षे झाली त्याच दिवशी.

सगळे जुलैच्या उत्तरार्धात. याला योगायोग म्हणणाऱ्याने एकदा पेरणी करून पाहावी. मृगापासून पडणारा पाऊस आधी जमिनीचे पोट भरतो. आपण म्हणतो, "वापसा आला, आता ओल धरली." सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर जुलैच्या मध्यापर्यंत ते पोट तुडुंब भरलेले असते. त्यानंतर एक मोठी झड आली की माती ती झेलू शकत नाही. शेतकऱ्याला हे पंचांगाइतके ठाऊक आहे. एवढे पांडित्य बाळगणाऱ्या सरकारला ते दर वर्षी नव्याने कळते.

शहर कशावर बसते

दुरून डोंगर साजरे, ही म्हण शहरवाल्यांना शोभते. त्यांच्यासाठी डोंगर म्हणजे पावसाळी सहल, नदी म्हणजे पूल ओलांडताना खिडकीतून दिसणारे पाणी, तळे म्हणजे संध्याकाळी फिरायची जागा. पण शहराचा आकार नगररचनाकार ठरवत नाही. तो डोंगराने, नदीने आणि तळ्याने आधीच आखलेला असतो. शहर फक्त त्यात राहायला येते, आणि राहायला आले की मालक असल्यासारखे वागू लागते.

महाडच पाहा. सावित्री आणि गांधारी यांच्या कुशीत वसलेले हे गाव एकेकाळचे बंदर. खाडीतून गलबते येत, वरून घाटाचा माल उतरे. महाडची बाजारपेठ जगली ती या दोन वाटांवर : खालून खाडी आणि वरून डोंगर. आता पाण्याच्या बाजूने विचार करा. सावित्री तेराशे मीटरहून उंच माथ्यावरून निघते आणि थोड्याच अंतरात जवळजवळ समुद्रसपाटीला येते. उतारावर धावणारे पाणी महाडला येऊन एकदम थबकते. समोरून बाणकोटच्या खाडीची भरती. २२ जुलै २०२१ ला गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. वरून लोंढा, खालून भरती, मध्ये शहर. आणि नदीच्या पात्रात गाळाची बेटे, काठाला भराव. गाळ काढा, दासगावपाशी रेल्वेच्या भरावाने अडलेली वाट मोकळी करा, असे महाडचे लोक कंठशोष करून सांगत होते.

तो गाळ आला कुठून? डोंगरावरून. जी माती वर पकड सोडते ती वाडी गाडते, आणि जी थोडी थोडी वाहून येते ती नदी उथळ करून शहर बुडवते. तळीयेची दरड आणि महाडचा पूर या दोन बातम्या नव्हत्या. एकाच बातमीची ती दोन पाने होती. डोंगर सांभाळला नाही तर शहर वाचत नाही, हे महाडच्या व्यापाऱ्याला दुकानातला चिखल उपसताना कळले. मुंबईच्या मंत्रालयात ते अजून कळायचे आहे.

खरे तर मुंबईला सगळ्यात आधी कळायला हवे होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीने आपली जागा परत मागितली. विहार आणि पवई तलावांचा सांडवा घेऊन माहीमच्या खाडीला जाणारी ही नदी शहराने गटार करून टाकली होती, विमानतळासाठी वळवली होती, तिच्या मुखाजवळची दलदल भरून इमारती चढवल्या होत्या. त्याच दोन दिवसांत दासगाव आणि जुई गाडली गेली होती. पुढे काय झाले? मुंबईच्या पुराची चौकशी करायला चितळे समिती बसली आणि मिठीसाठी त्याच वर्षी स्वतंत्र प्राधिकरण झाले. आम्हाला त्याचे वाईट वाटत नाही, व्हायलाच हवे होते. आमचा प्रश्न एवढाच : सावित्रीचे प्राधिकरण कुठे आहे?

मुंबईचे पाणी कुठले? विहार १८६० चे, तुळशी १८७९ चे, तानसा १८९२ चे. मग वैतरणेवर मोडकसागर १९५७ मध्ये, पुढे उर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. शहर वाढले तशी त्याची तहान डोंगराकडे सरकत गेली. आज दररोज साडेतीनशे कोटी लिटरहून अधिक पाणी शहराला जाते, आणि ज्या शहापूर तालुक्याच्या अंगाखांद्यावर यातली धरणे आहेत, तिथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. विजेसाठी मुळशीची गावे बुडवली तेव्हा सेनापती बापटांनी १९२१ ते १९२४ मध्ये लढा दिला. जमीन गेली मावळातल्या शेतकऱ्याची, वीज गेली मुंबईला. कोयनेचे पाणी कृष्णेच्या खोऱ्यातले, पण वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पश्चिमेला वळवण्याची मुभा बच्छावत लवादाने दिली. ते वीज करून वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. वीज सगळ्यांना हवी, आम्हालाही हवी. पण आटपाडी-सांगोल्याच्या शेतकऱ्याला "पाणीच नाही" म्हणून सांगणाऱ्याने हा आकडाही सोबत सांगावा.

महाडनेच आणखी एक धडा दिला आहे. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण कागदावर खुले झालेले पाणी ओंजळीत यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले. न्यायालयात तो हक्क कायम व्हायला १९३७ उजाडले. शहरातले तळे हे नुसते पाणी नसते. त्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यात साठलेला असतो. डोंगराचे आणि नदीचेही तसेच आहे. ठराव होतात. हक्क मात्र चालत जाऊन घ्यावा लागतो.

गुन्हेगार कोण?

अशी आपत्ती आली की शहरातला शहाणा माणूस लगेच म्हणतो, "डोंगरावरच्या लोकांनी झाडे तोडली, वरकस जमिनीवर नाचणी-वरी केली, म्हणून दरडी पडतात." एकदा हेही तपासून पाहू.

झाडे तुटली हे खरे. कोकणचे डोंगर कोळशाच्या भट्ट्यांनी उघडे केले, तो कोळसा काय तळीयेच्या चुलीत जळला? तो शहरांत गेला. ठेकेदाराने मिळवले, शेतकऱ्याला चार पैसे आणि कातकऱ्याला भट्टीची राख मिळाली. त्यावर ३० ऑगस्ट १९७५ पासून खासगी वने संपादनाचा कायदा लागू झाला. ज्या जमिनीवर जंगल, ती सरकारची. शेतकऱ्याने यातून काय शिकावे? झाड वाढवले तर जमीन जाण्याची भीती, झाड तोडायचे तर परवानगीसाठी हेलपाटे. मालाला भाव न देता पिकवा म्हणणे आणि झाडावर हक्क न देता जंगल राखा म्हणणे, दोन्ही एकाच पोत्यातले.

याच्या उलट पुरावाही आहे. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली. रोप शेतकऱ्याचे, जमीन शेतकऱ्याची, फळ शेतकऱ्याचे. कोकणातल्या उघड्या वरकस जमिनीवर आंबा-काजू उभा राहिला. कोणी पहारा ठेवला नव्हता, कोणी प्रवचन दिले नव्हते. हातात काही पडणार असेल तर शेतकरी डोंगर हिरवा करतो.

महामार्ग रुंद करताना डोंगराचे पाय उभे कापले जातात, तेव्हा अतिक्रमण हा शब्द कोणी काढत नाही. डोंगराच्या पोटात दहा-बारा पिढ्या राहिलेली वाडी मात्र "धोकादायक ठिकाणची वस्ती" ठरते. लोक तिथे हौसेने गेले नव्हते. खालची भातखाचरे घरे बांधून वाया घालवायची नाहीत, झरा जवळ हवा, म्हणून उताराच्या काठावर वाडी बसली. त्यामागे शेतीचा हिशेब होता.

यादी, समिती आणि १६५ दिवस

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. सरकारने याद्या केल्या. इरशाळवाडी कोसळल्यावर विधानसभेत सांगण्यात आले की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. डोंगराने यादी वाचलेली नव्हती!

सरकारने समित्याही केल्या. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. कुठे काय करायचे ते ग्रामसभेला विचारून ठरवा, असा त्याचा गाभा होता. तो अहवाल गावोगाव मराठीत वाचून दाखवायला हवा होता. त्याऐवजी "तुमची शेती जाणार" अशी भीती पोचवली गेली. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने क्षेत्र कमी केले. त्यानंतर केंद्र सरकार अधिसूचनेचे मसुदे काढत राहिले. वायनाडच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै २०२४ ला, सहावा मसुदा निघाला. ग्रामसभा गळाली आणि नकाशा तेवढा उरला. वरून रंगवलेला नकाशा शेतकऱ्याला तलाठ्याच्या नोटिशीसारखाच दिसतो. तो घाबरला तर दोष त्याचा नाही.

आणि सरकारला घाई करता येत नाही असेही नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या माणसांसह गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा केला आणि जून २०१७ मध्ये रहदारी सुरू झाली. शाबासकीच द्यायला हवी. पण त्याच महाड तालुक्यात तळीयेच्या उघड्यावर पडलेल्या कुटुंबांना पत्र्याच्या कंटेनरमध्ये दिवस काढावे लागले आणि पक्क्या घरांचा ताबा मिळू लागायला जवळजवळ तीन वर्षे गेली. पुलावरून शहराचा माल जातो. तळीयेवरून काय जाते?

आपण काय मागायचे

आता आपल्या बैठकीचे काम. ठरावात चार गोष्टी असाव्यात, असे आम्ही सुचवतो.

पहिली, पाऊस मोजण्याची. पीकविम्याचा अनुभव तुम्हाला आहे. मापक मंडळाच्या गावी, गारपीट आपल्या शिवारात, आणि कंपनी म्हणते तुमच्याकडे काही झालेच नाही. डोंगरात याच चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते. खोऱ्यात मापक आणि माथ्यावर ढगफुटी. म्हणून वाडीवाडीला पर्जन्यमापक हवा आणि तो वाचायला वाडीतलाच माणूस हवा. ठरलेल्या मर्यादेपेक्षा पाऊस झाला, डोंगरमाथ्यावर भेग दिसली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा आटले, झाडे-खांब कलले, तर गाव हलवण्याचा अधिकार सरपंचाला हवा. तहसीलदाराच्या फोनची वाट पाहण्यात वेळ जातो आणि पावसात फोन लागत नाही. हीच मापके आपल्या शिवारातही हवीत. मागणी एकच आहे.

दुसरी, पुनर्वसनाची. माणसे मेल्यावर घरे देणे म्हणजे वरातीमागून घोडे. धोक्यातल्या वाड्यांना आधी जागा द्या, त्यांच्या शेतापासून चालत जाण्याच्या अंतरावर, नावावर करून द्या. शेतकऱ्याचे घर म्हणजे दोन खोल्यांची पेटी नव्हे. त्याला गोठा लागतो, वैरण ठेवायला जागा लागते, धान्याची कणगी लागते. हे नसेल तर तो पुन्हा डोंगरावर जाईल, आणि मग त्यालाच हट्टी म्हणतील.

तिसरी, माती-पाण्याच्या कामाची, आणि इथे आमच्या कार्यकर्त्यांनी नीट ऐकावे. "पाणी अडवा, पाणी जिरवा" हा आपल्या माळरानाचा मंत्र आहे आणि तो बरोबर आहे. पण तोच मंत्र कोकणच्या उभ्या, कुजक्या मुरमाच्या उतारावर आंधळेपणाने चालवला, आडवे चर खणून तिथे पाणी मुरवले, तर दरडीला आपणच हात दिल्यासारखे होईल. तिथे वस्तीच्या वरच्या अंगाला पाण्याला वाट काढून द्यावी लागते, ते बाजूच्या ओढ्याला नेऊन सोडावे लागते, आणि उतार खोल मुळांच्या झाडांनी बांधावा लागतो. एका कार्यालयात बसून सगळ्या महाराष्ट्राला एकच आराखडा लावणे बंद करा. माथ्यापासून पायथ्यापर्यंत ज्या त्या खोऱ्याचे काम त्या खोऱ्यातल्या ग्रामसभांनी ठरवावे. नदीची निळी आणि लाल पूररेषा शहरातल्या बिल्डरलाही तितकीच कडक लागावी.

चौथी, दामाची. डोंगरावरचा शेतकरी माती धरून ठेवतो, झाड राखतो, त्यामुळे खालचे धरण गाळाने भरत नाही आणि शहराला पाणी मिळते. हे काम आहे. कामाला दाम लागतो. शहर नळाच्या पाण्याचे बिल भरते, ते पंपाचे, पाइपाचे आणि पगाराचे. ज्या डोंगरावर ते पाणी पडले, त्याचा वाटा त्या बिलात कुठे आहे? तो धरा आणि ग्रामसभेच्या हाती द्या. आम्ही दान मागत नाही, अनुदानही मागत नाही. कापसाला भाव मागतो तसाच डोंगर सांभाळण्याचा भाव मागतो. आपल्या माळावर बांधबंदिस्ती करून खालच्या धरणाचा गाळ थांबवणाऱ्या शेतकऱ्यालाही तो मिळाला पाहिजे.

कापूस आणि ज्वारीवाल्यांनी हा ठराव का करावा, हे आता वेगळे सांगायला नको. पाणी उताराने खाली जाते, माती उताराने खाली जाते, आणि शेतातला पैसाही असाच उताराने शहराकडे जात आला आहे. वरच्या माणसाच्या हाती दरड उरते, आपल्या हाती दुष्काळ. दोघे वेगवेगळे रडत राहिलो तर दोघांनाही निसर्गाच्या नावाची पावती मिळत राहील.

पुढचा जुलै येणार आहे. जमीन पुन्हा पोट भरून पिणार आहे. त्याआधी हा ठराव आपल्या तालुक्यातून मंजूर करून जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर गेला पाहिजे, त्याची पोच घेतली पाहिजे आणि एक प्रत महाड-पोलादपूरच्या ग्रामपंचायतींना धाडली पाहिजे. बैठकीला येताना आपल्या गावचा गेल्या पाच वर्षांचा पाऊस, जेवढा ठाऊक असेल तेवढा, कागदावर लिहून आणा. हिशेब तिथूनच सुरू करू.